झोपाळ्याचा रंग

फोटोच्या पाठीवर पेनानं लिहू नये, एवढी साधी गोष्ट ज्याला तीस वर्षं मास्तरकी करून कळली नाही त्याच्या पदरात आपण मुलगी घातली, याचं व्हर्ना डिटमरला त्या दुपारी पुन्हा एकदा नवल वाटलं. वेंडेल तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच टेबलावर बसला होता. तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या, क्लीटच्या कपाटातलं बुटांचं खोकं त्यानं न विचारता खाली काढलं होतं, टेबलावरचं कापड गुंडाळून तिच्याच खुर्चीवर टाकलं होतं, आणि दिवा जवळ ओढून एकेक फोटो उलटा करून त्यावर निळ्या पेनानं लिहीत होता. गाडी कुठली, साल कुठलं, आत कोण बसलंय. दाबून लिहायची खोड. फोटो सुलटा केला की तिच्या नवऱ्याच्या कपाळावर जावयाच्या अक्षरांचे वळ उठलेले दिसायचे. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. बाकीचे नऊ निदान आभाळात असतात, हा टेबलावर येऊन बसतो आणि कॉफी मागतो. व्हर्नानं कॉफी ओतली. डार्लीन तिच्या चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली होती, त्यामुळे नवऱ्याची बाजू घ्यायला घरात कुणी नव्हतं. बाहेर मार्चचा वारा होता आणि मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरी फाडफाड वाजत होत्या.

शनिवारी चर्चच्या तळघरात जुन्या रेसवाल्यांचा मेळावा होता. जिवंत उरलेले सगळे यायचे, कुणी काठी घेऊन, कुणी नाकात नळी घालून, पण प्रत्येकाच्या काखेत एक खोकं. लांब टेबलांवर फोटो मांडायचे आणि ओळखायचे. माणसं नाही, माणसं काय, कुणीही ओळखील. गाड्या ओळखायच्या. कारण रेसची गाडी दर हंगामाला नंबर बदलते, मालक बदलते, अंगावरचा रंग बदलते, अपघातात नाक गेलं तर मेलेल्या दुसऱ्या गाडीचं नाक लावून फिरते. म्हणून नंबरावर जायचं नाही, हाडांवर जायचं, असं हे म्हातारे म्हणत. यंदा त्यांनी एक पुस्तिका छापायची ठरवली होती, इंडियानात कुणी किती गाड्या बांधल्या त्याची, आणि डिटमरचं पान वेंडेलकडे आलं होतं. एकदा छापलं की तेच खरं. पुढं मग देव जरी खाली येऊन सांगू लागला तरी हे लोक त्याला पान दाखवतील. क्लीटनं अकरा गाड्या बांधल्या, सगळ्या लाल. सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्नाही तसंच ठाऊक असल्यासारखी पंचेचाळीस वर्षं वागत आली होती.

वेंडेलला अक्कल नव्हती असं नाही. ते ती मनातल्या मनात कबूल करायची, तोंडावर नाही. भिंग डोळ्याला लावून तो बॉनेटच्या बाजूच्या हवेच्या फटी मोजायचा. क्लीट प्रत्येक गाडीला दर बाजूला चौदा फटी पाडायचा, कारण मोजमापात तेरा बसत होत्या आणि तेरा चालायच्या नाहीत, म्हणून एक जास्तीची, दाटीवाटीनं. त्या शेवटच्या दोन फटींमधल्या कमी अंतरावरून डिटमरची गाडी शंभरात ओळखता यायची. हे वेंडेलनं स्वतः शोधलं होतं, कुणी न सांगता. शोधलं तेव्हा लहान पोरासारखा हरखला होता आणि तिला म्हणाला होता, आई, ही त्यांची सहीच. तेव्हा तिला तो दोन मिनिटं बरा वाटला होता.

आता त्यानं एक फोटो तिच्यापुढं सरकवला, तिला दाखवावा म्हणून नव्हे, कॉफीच्या कपाला जागा हवी म्हणून. तिनं वाकून पाहिलं. अंगणातली गाडी, मागून तिरपी घेतलेली, शेपटावर सत्तावीस नंबर, चिखलानं माखलेली. आत एक माणूस, डोळ्यांवर धुळीचा चष्मा, तोंडाला रुमाल. तिनं फोटो उलटा केला. डिटमर क्रमांक तीन, लाल, चालक अनोळखी. अक्षरं लावत वाचायला तिला वेळ लागला. चौथीतून तिला घरी बसवलं होतं ते धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि तेव्हापासून अक्षरं तिच्याशी जरा फटकूनच वागत. तिनं विचारलं, लाल कशावरून?

"रंगावरून नाही कळत, आई," वेंडेल म्हणाला, वर न बघता. "त्या वेळच्या फिल्मवर लाल काय आणि हिरवा काय, सारखाच करडा उतरतो. पण हिरवी कोण रंगवील? आपले बाबा आणि हिरवी गाडी!" आणि तो स्वतःच्याच विनोदाला हसला.

त्या घरात हा शब्द गाडीला लावून पंचेचाळीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. व्हर्नानं हातातला फोटो खाली ठेवला नाही. कॉफीचं भांडं मात्र ठेवलं, कारण ते जड झालं होतं. रेसवाल्यांच्या घरात हिरवं नसतं हे काही तिला कुणी शिकवायला नको होतं. हिरवा शर्ट घालून आलेल्या माणसाला क्लीट गॅरेजच्या दारातून परत पाठवायचा. टरफलाच्या शेंगदाण्यांचंही तेच. गॅरेजात टरफल दिसलं की रेसच रद्द. आणि तिसरं अशुभ म्हणजे बाई. बाईनं गाड्यांच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. बायकांनी वर फळ्यांच्या बाकांवर बसायचं. हिरवा रंग, शेंगदाणे आणि व्हर्ना, असं ती तरुणपणी म्हणायची, आणि क्लीटचा धाकटा भाऊ आर्लो त्यावर इतका हसायचा की त्याला ठसका लागायचा. तिनं शिवलेली सीट आत जाऊ शकत होती, ती नाही. सगळ्या गाड्यांच्या सीटा तिनं याच टेबलावर शिवल्या, मोडीत निघालेल्या शाळेच्या बसच्या रेक्झिनमधून. आर्लो सुतळीसारखा बारीक, कंबर पोरीएवढी. त्याला या खुर्चीवर उलटा बसवून तिनं त्याच्या पाठीचं माप घेतलं होतं, आणि तो सारखा हलत होता, गुदगुल्या होतात म्हणून. म्हणाला होता, वहिनी, इतकी घट्ट शिव की गाडी उलटली तरी मी पडता कामा नये. ती म्हणाली होती, तुझ्या जिभेला पण एक टाका घालते.

त्रेपन्नचा जुलै. गाडी तयार, चार दिवसांवर जत्रेतली रेस, आणि लाल रंगाचं पिंप उघडलं तर वर साय धरलेली, खाली दगड. नवा मागवायला ना वेळ ना काही. क्लीट पायरीवर डोकं धरून बसला होता आणि पोर्चमध्ये नुकत्याच रंगवलेल्या झोपाळ्याला वास येत होता. तेव्हा तिनं म्हटलं होतं, तिचा आवाज तिला अजून ऐकू यायचा, तरुण, चढा, स्वतःवर खूश असलेला: "झोपाळ्याचा डबा आहे ना अर्धा. रंग म्हणजे रंग. की तुम्ही दोघं बाप्ये एका डब्याला भिता?" क्लीटनं डोकं वर केलं नाही. आर्लोच उठला, डबा घेऊन आला, ब्रश घेऊन आला आणि झोपाळ्यावर बसून गाडीकडे बघत म्हणाला, वहिनीचं खरंय. त्यांनी गाडी ब्रशनं रंगवली, कुंपण रंगवतात तशी. रेसच्या दिवशी ती बाकांवर बसून बघत होती तेव्हा वरून गाडी टोळासारखी दिसत होती. इंजिनांतल्या जळक्या एरंडेलाचा वास होता, डोळ्यांना झोंबणारी वाफ होती, आणि धूळ. त्या दिवशी मातीवर पाणीच मारलं नव्हतं. सातव्या फेरीला वळणावर नुसता एक तपकिरी ढग राहिला, त्यात चार गाड्या गेल्या आणि तीन बाहेर आल्या. तिनं मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

रंगाचं कुणीच काही बोललं नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. हेच वाईट होतं. कुणी बोललं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं; उत्तराला ती आयुष्यात कधी कमी पडली नव्हती. सासूनं पुरण्याच्या वेळी फक्त एवढंच केलं: आर्लोच्या पेटीवरच्या पांढऱ्या फुलांजवळ गेली आणि देठांची पानं एकेक करून खुडून काढली. हिरवी पानं. खुडून मुठीत धरली आणि मूठ कोटाच्या खिशात घातली. व्हर्नाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या आठवड्यात व्हर्ना वर्षाच्या डार्लीनला घेऊन दक्षिणेला जॅस्परला आईकडे गेली आणि ऑक्टोबर उजाडला तरी परतली नाही. परतली तेव्हा क्लीट म्हणाला, गाडी कापली. कुठं टाकली ते तिनं विचारलं नाही. झोपाळा पांढरा झाला होता. तिनं तेही विचारलं नाही. पुढच्या पंचेचाळीस वर्षांत तिनं हिरवा पडदा घेतला नाही, हिरवी बशी घेतली नाही, आणि रेसवाल्यांच्या बायका म्हणत, व्हर्नाइतकं पथ्य कुणी पाळत नाही. ती मान हलवायची.

म्हणजे आता फार सोपं होतं. वेंडेलनं लाल लिहिलं होतं. क्लीट जाऊन दोन वर्षं झाली होती, सासू कधीच गेली होती, फोटोला रंग नव्हता. शनिवारी छापायला देतील आणि ती गाडी झालीच नव्हती असं होईल. अकरा गाड्या, सगळ्या लाल, आर्लो तिसऱ्या गाडीत गेला, धुळीनं. डबा कुणी दिला हे मग कुणी विचारायलाच नको. व्हर्नानं फोटो परत टेबलावर ठेवायला हात पुढं केला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण हात मधेच थांबला, तो पुरता दुसऱ्याच कारणानं, शिवणाऱ्या बाईच्या कारणानं. सीटच्या पाठीच्या कडेला काहीतरी वाकडं दिसत होतं.

"भिंग दे," ती म्हणाली. वेंडेलनं दचकून दिलं. तिनं आजवर कधी मागितलं नव्हतं.

भिंगाखाली आधी नुसते ठिपके आले, मग ठिपक्यांची सीट झाली. हो, हीच. वरच्या कडेला तिचा दोरा संपला होता आणि शेवटची चार बोटं तिनं मासे धरायच्या पांढऱ्या दोऱ्यानं उरकली होती. तो पांढरेपणा आताही दिसत होता, एखाद्या जखमेवरच्या खुणेसारखा. म्हणजे तिसरी नाही, तीच. मग तिनं शेपटाकडे भिंग नेलं. चिखलाच्या वर, नंबराच्या बाजूला, बारीक रेघा होत्या, लांबच्या लांब. ब्रशाच्या. क्लीट लाल रंग पंपानं मारायचा, त्याला रेघ पडत नाही. हे वेंडेलनं पाहिलं नव्हतं, कारण तो फटी मोजत होता. पाहिलं असतं तरी काय, चिखलाचा फराटा समजला असता; ज्याच्या डोक्यात हिरवी गाडी असूच शकत नाही त्याला ब्रश कशाला दिसेल. इथपर्यंत तिला काही नवल वाटलं नाही. तिला ठाऊक होतंच. पण सीटच्या दोन्ही बाजूंना, तिच्या शिवणीच्या खाली, दुसरी एक शिवण होती. उसवून मधे कापडाची पट्टी घातलेली, चार-चार बोटांची, जाड, आणि टाके कसले, एक बोटाएवढा तर दुसरा मुंगीएवढा. पोतं शिवावं तसे. आर्लोला बाहेर काढताना त्यांनी सीट कापली असणार, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि ती क्षणभर भिंगावरून नजर काढून दुसरीकडे बघू लागली, फ्रिजकडे, सिंककडे. पण कापलेलं जोडायला पट्टी कशाला लागते? नुसतं शिवलं असतं तरी चाललं असतं. पट्टी घालतात ती कपडा घट्ट होतो तेव्हा. डार्लीनच्या शाळेच्या झग्यांना दर वर्षी घालायची तशी. कुणीतरी आर्लोची सीट ढिली करून घेतली होती. आर्लोपेक्षा रुंद माणसासाठी.

तिला आता गंमत वाटू लागली, भीतीच्याच खालून वर येणारी, लहानपणी विहिरीत वाकून पाहताना वाटायची तशी. गाडीचं नाक फोटोत अर्धंच होतं, पण होतं. नवं होतं, पत्रा ठोकून गोल केलेला, आणि त्यावरही ब्रशाच्या रेघा. अपघातानंतर, मग. गाडी कापली नव्हती. कापणारा माणूस नाक ठोकून देत नाही, आणि ठोकून दिलेल्या नाकाला पुन्हा त्याच डब्यातला रंग लावत नाही. जवळ लाल असतानासुद्धा. ऑगस्टपर्यंत नवा लाल आला असणारच. गाडीच्या मागं पोर्च होतं, तिचंच, आणि झोपाळा, अजून पांढरा न झालेला. म्हणजे ती जॅस्परला होती तेव्हाच. तिच्या पाठीमागं, तिच्या अंगणात. पुढं जमिनीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती, हॅट घातलेली. कोण ते तिला कधीच कळणार नव्हतं, आणि त्याची हुरहूर तिला पुढं बरेच दिवस लागून राहिली. मग आत बसलेल्या माणसावर भिंग आलं. रुमाल, चष्मा, चिखल. तोंड काही दिसत नव्हतं. खांदे मात्र सीटच्या बाहेर आले होते, पट्टी घालूनही. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, ते पण वरून धरलेले नाहीत, खालून, ताटाखाली हात घालावा तसे. गाडी हाकायला शिकलेला माणूस असं धरत नाही. तपासून बघणारा मिस्त्री धरतो, क्लीट धरायचा तसं. क्लीटनं आयुष्यात कधी रेस धावली नव्हती. विचारलं की म्हणायचा, मी बांधतो, मरायचं काम दुसऱ्याचं. आणि आर्लो गेल्यावर हेही म्हणेनासा झाला.

"हा अनोळखी म्हणे," ती पुटपुटली.

वेंडेल समजावू लागला की त्या साली त्या गाडीत बसलेल्या सहाही जणांचे चेहरे त्यानं ताडून पाहिलेत, त्यातला हा कुणीच नाही, आणि इतका जाड माणूस त्या वर्गात धावतच नसे. त्याचं ऐकता ऐकता तिनं फोटो पुन्हा उलटा केला आणि खिडकीपाशी नेला. निळ्या अक्षरांखाली काहीतरी होतं. तिनं फोटो उजेडात तिरपा धरला, मग डोळ्यांवर भरवसा नसल्यासारखं बोट फिरवलं. पेन्सिल. वेंडेलचं 'लाल' त्यावरून आडवं गेलं होतं, पण पेन्सिलीचा दाब कागदात राहिला होता. क्लीटचं अक्षर तिला वाचता यायचं. तोही सहावीपर्यंतच गेला होता, दोघांची अक्षरं एकाच शेतातल्या दगडांसारखी होती. तारीख होती, वीस सप्टेंबर. त्याखाली: धावली. घरी आली. काही झालं नाही.

ती तिथंच उभी राहिली. बाहेर एक चादर दोरीवरून अर्धी सुटली होती आणि तिला ती धरायला जायला हवं होतं. वीस सप्टेंबरला ती आईच्या ओट्यावर घेवडा मोडत बसली असेल. आणि इथं हा मठ्ठ, भित्रा, टरफलाला घाबरणारा माणूस झोपाळ्याच्या डब्याच्या तळाचा रंग खरवडून, भावाच्या सीटला पट्ट्या लावून, तोंडाला रुमाल बांधून कुठल्यातरी लांबच्या जत्रेत जाऊन बसला होता, आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून. जिंकायला नाही. नुसतं बघायला, की काही होतं का. झालं असतं तर? वर्षाची पोर आणि ती, जॅस्परला, घेवड्यापाशी. मेल्या, असं ती मनात म्हणाली, आणि तिला राग आला तो सगळ्यात आधी टाक्यांचा. शिवायचं होतं तर माझी सुई तरी घ्यायची. ही पोत्याची सुई आहे. मग दुसरा राग आला, खोल. काही झालं नाही, हे त्यानं फोटोच्या पाठीला सांगितलं. तिला नाही. तिला सांगायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की तुझ्यामुळे झालं असं मला वाटलं होतं. ते म्हणवलं नसेल. म्हणून चार शब्द पेन्सिलीनं लिहिले, खोक्यात घातले, झोपाळा पांढरा केला. आणि ती बाई पथ्य पाळते म्हणून तिला पाळू दिलं. की त्याला वाटलं होतं, खोकं कपाटात आहे, ती कधीतरी उघडील? ती दुसऱ्याच्या खोक्यांना हात लावत नाही, हा तिचाच मोठेपणा. जावयाला तो मोठेपणा नव्हता, म्हणून निघालं. हे लक्षात आलं तेव्हा तिला आणखी चीड आली.

ती मागच्या दारानं गॅरेजात गेली. वारा तोंडावर आला. कोपऱ्यातल्या फळीवर झोपाळ्याच्या रंगाचा डबा होता तिथंच होता, बिनझाकणाचा, घासून पुसून पत्र्याच्या रंगाचा झालेला, आत वाकडे खिळे. त्यातले खिळे तिनं शंभरदा घेतले असतील. तिनं खिळे जमिनीवर ओतले, डबा छातीशी धरून आत आणला आणि वेंडेलच्या याद्यांवर ठेवला. मग भाजी सोलायच्या सुरीनं काठाची आतली खाच खरवडली. आधी गंज पडला. मग एक पापुद्रा आला, नखाएवढा, आणि तो त्या दिव्याखाली इतका हिरवा होता, जणू आत्ताच कुणीतरी पान खुडून तिथं टाकलं होतं.

वेंडेलनं पापुद्र्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, फोटो उचलून भिंग लावलं. तो बराच वेळ शेपटाजवळ थांबला. त्याच्या मानेवर हळूहळू लाली चढत गेली. ब्रश, असं तो स्वतःशीच म्हणाला. मग भिंग खाली ठेवून त्यानं अगदी हळू विचारलं, म्हणजे बारावी गाडी आहे? आणि मग, मास्तर असून त्याला जे आधी सुचायला हवं होतं ते: चालवतंय कोण, आई?

व्हर्ना आपल्या खुर्चीपाशी गेली, त्यावरचं गुंडाळलेलं कापड काढून त्याच्या मांडीवर टाकलं आणि बसली.

"माझा नवरा. आणि रंग मी दिला, हेही लिही. पण ते पेन आधी खिशात घाल, मास्तर. या घरात पहिल्यांदा विचारायचं आणि मग लिहायचं, तेही पेन्सिलीनं. तू, तुझा सासरा, ते सगळे म्हातारे, सगळे एकाच माळेचे मणी. गाडीची एकेक फट मोजाल, पण घरात बसलेल्या बाईला तोंड उघडून एक गोष्ट विचारायला तुमच्यात एकाचीही छाती झाली नाही."